इंदुताई काय म्हणाल्या?

इतवारी पोटावी चांद्याला भैयाजी देवतळ्यांच्या दारात आली, तेव्हा तिने डावा हात पदराखाली झाकून घेतला होता. सत्तावन सालचा मे महिना होता. वडशाहून चांदा फोर्टच्या गाडीने ती एकटीच आली होती आणि स्टेशनपासून विचारत विचारत पायी आली होती.

भैयाजी पूर्वी पोलीस खात्यात होते. वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून बाहेर पडले आणि आता खाजगी तपासाची कामं करत. सोबतीला लटारू निकुरे असत. पेन्शनीत निघालेले पोस्टमास्तर, मनाने चांगले, डोक्याने जरा धीमे. लटारूंना जे पटेल ते कोणालाही पटेल, असं भैयाजी म्हणत, आणि लटारू ती स्तुती समजत.

"माह्या बाबाले पोलिसानं नेलं," इतवारी म्हणाली. "इंदुबाईले मारलं म्हणते. त्यानं कबूल केलं म्हणते. मले भेटू बी देत नाई."

इंदुताई पाठराबे यांचं नाव भैयाजींच्या कानावर होतं. गडचिरोलीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका. दर उन्हाळ्यात, मॅट्रिकचा निकाल जवळ आला की, त्या जंगलातली गावं पायी फिरत. मुलाला किंवा मुलीला कॉलेजात पाठवायचं तर पैसा कुठून येतो, हे आईबापांना समजावून सांगत. सरकारची शिष्यवृत्ती कोणाला मिळते, फी कशी माफ होते, वसतिगृहात जागा कशी मागायची. आणि कोणी दाता पुढे आला तर त्याला आधी काय विचारून घ्यावं, हेही सांगत. हे शेवटचं सगळ्यांनाच आवडत नसे.

धानोऱ्याच्या पलीकडे मरकेटोला म्हणून गाव आहे. गेल्या आठवड्यात इंदुताईंनी तिथे सभा घेतली. त्याच दुपारी गावाबाहेरच्या नाल्यावर त्या डोकं फुटून मेलेल्या सापडल्या. ज्याने गावात धावत येऊन बातमी दिली तो इतवारीचा बाप, वारलू. त्याच्या कपड्यांना रक्त होतं, कुऱ्हाडीलाही रक्त होतं. चार दिवसांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणार होते.

इतवारीने घरची हकीगत सांगितली. तिचा भाऊ बुधू नागपूरला कॉलेजात शिकत होता, तिसऱ्या वर्षाला. सागवान आणि तेंदूपत्त्याचे ठेकेदार गुणवंतराव त्याचा खर्च देत. त्याच्या बदल्यात, बुधूचं शिक्षण पुरं होईपर्यंत, इतवारीने त्यांच्या वडशाच्या धानगिरणीत काम करायचं असं ठरलं होतं. तिचं लग्न कोलूशी ठरलं होतं. त्याने काही दिवस वाट पाहिली, मग दुसरीकडे लग्न केलं. गिरणीत गेल्यावर पहिल्याच वर्षी पट्ट्यात हात सापडला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. हे सगळं तिने दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगितलं.

"बुधू साहेब झाला का मी सुटली," ती म्हणाली.

इंदुताई तिला हिवाळ्यात वडशाच्या बाजारात भेटल्या होत्या. तिच्याशी त्या मोडक्यातोडक्या गोंडीत बोलल्या. कुठे शिकलात म्हणून इतवारीने विचारलं, तर म्हणाल्या की वसतिगृहातल्या पोरींनी शिकवली. मग त्यांनी हाताला काय झालं ते विचारलं, आणि गिरणीत कशी आलीस तेही. जाताना म्हणाल्या, उन्हाळ्यात तुझ्या गावाला येते.

"तेच्याचसाठी आली असन बाई," इतवारी म्हणाली. "मी सांगतलं नसतं तं ते आली नसती."

भैयाजींनी लटारूंकडे पाहिलं. लटारू आधीच पायांत चपला घालत होते.

मूलवरून मोटारीने, मग वैनगंगेच्या वाळूतून पलीकडे, आणि पुढे बैलगाडीने ते इतवारीला घेऊन मरकेटोल्याला पोचले. बरीचशी माणसं तेंदूची पानं तोडायला जंगलात गेली होती. शाळेच्या पडवीत मुखरू भांडेकर मास्तर एकटेच बसले होते. मास्तर मैदानी भागातले. सहा वर्षं इथे काढली, पण गोंडी काही जमली नाही, असं ते स्वतःच म्हणाले. इतवारी अंगणाबाहेर चिंचेखाली थांबली.

सभा शाळेसमोरच झाली होती. इंदुताई मराठीत बोलत होत्या, सुट्टीत आलेला बुधू ते गोंडीत सांगत होता, आणि मास्तर बाजूला बसून ऐकत होते.

"काय म्हणाल्या त्या? आठवते तसं सांगा," भैयाजी म्हणाले.

"म्हणाल्या, मॅट्रिक झालेल्या गोंड पोराले कॉलेजासाठी सरकार पैसे देते. आजचं नाई, कितीतरी वर्षं झाली. ते परत करायचे नाईत, त्याच्यासाठी कोणाच्या घरी राबायचं नाई. मग बुधूच्या खांद्यावर हात ठेवला आन म्हणाल्या, नागपूरले सगळ्या पोरांले मिळते, याले विचारा."

"तुम्हाले हे आधी माहीत होतं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "माहीत होतं. मले कोणी विचारलं नाई."

लटारूंना राग आला, पण भैयाजींनी तो विषय तिथेच सोडला. वारलू चिडला का, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले की त्याचंच नवल वाटलं. पोरीला गिरणीत ठेवणारा हा माणूस, आता उठून काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. पण त्याने हात जोडले, बाईंना आंबील आणून दिली आणि पानं तोडायला निघून गेला. गावही शांतपणे उठलं. त्यानंतर मास्तर आत जाऊन झोपले. बाई कोणाबरोबर निघाल्या ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

गावातला म्हातारा मंगरू घरीच होता. त्याला मराठी येत नव्हती. भैयाजींनी तोच प्रश्न विचारला, इतवारीने तो गोंडीत विचारला आणि उत्तर मराठीत सांगितलं.

"बाई चांगली होती म्हणते. म्हणाली, लेकरायले शाळेत घाला, सरकार आता लहान लेकरायले पुस्तकं देईन. मोठ्या शिक्षणाले मात्र दाता पाह्यजे. वारलूले दाता भेटला, त्याचं नशीब. मंग बुधूच्या खांद्यावर हात ठेवला आन म्हणाली, याच्यासारखे व्हा." सांगताना इतवारीच्या चेहऱ्यावर भावाचा अभिमान होता.

"नंतर?"

नंतर बाई एकदम थांबल्या. कोणाकडे न पाहता थोडा वेळ उभ्या राहिल्या. ऊन लागलं असावं, असं मंगरूला वाटलं. सभा तिथेच संपली.

मंगरूने त्यांना नाल्यावर नेलं. वाट गावापासून निघून नाला ओलांडत होती आणि पुढे तेंदूच्या फडीकडे, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागेकडे, जात होती. तिथून जंगल खात्याच्या ट्रकमधून इंदुताई गडचिरोलीला परतणार होत्या. नाल्यात एका डोहापुरतं पाणी उरलं होतं. सभोवार गोटे आणि वाळू. बाई कशा सापडल्या, ते मंगरूने हाताने दाखवलं. चपला एका दगडावर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. छत्री मिटून करंजाच्या फांदीला अडकवलेली होती.

"पाय धुवायले बसल्या असतील," लटारू म्हणाले.

"बसल्या होत्या, एवढं खरं," भैयाजी म्हणाले.

फडीवर गुणवंतराव भेटले. पानांच्या गड्ड्यांच्या रांगांमधून फिरताना ते थांबले नाहीत, चालता चालताच बोलत राहिले. इंदुताईंशी आपलं पटत नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही. गावोगाव फिरून त्या आपल्याविरुद्ध माणसं उठवत होत्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मी कोणाच्या दारात जात नाई, देवतळे. ते माह्या दारात येते. वारलू आला, मी दिले. पोरगी खाऊनपिऊन आहे गिरणीत."

"आणि तिची बोटं?"

"ते नशिबाचं," गुणवंतराव म्हणाले.

त्या दिवशी दुपारभर ते फडीवर जंगल खात्याच्या माणसांसमोर होते. हे दोघांतिघांनी सांगितलं आणि त्यात संशयाला जागा नव्हती. उलट त्यांनी इंदुताईंना आणायला आपली जीप गावाच्या वेशीपर्यंत पाठवली होती. ड्रायव्हर रिकामाच परतला होता. बाई म्हणाल्या, मी पायी येते, वाटेत एकाशी बोलायचं आहे.

"कोणाशी, ते सांगितलं?"

ड्रायव्हरला ते माहीत नव्हतं.

परतताना लटारू म्हणाले की गुणवंतरावांनी स्वतः मारलं नसेल, माणूस पाठवला असेल. भैयाजी म्हणाले, "पाठवलेल्या माणसासमोर बाई चपला काढून, छत्री टांगून बसत नाई, लटारू."

गडचिरोलीला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की जखम धारेची नव्हती. एखाद्या गोट्याने झालेली होती, आत नाल्याची बारीक वाळू होती. बाई लगेच गेल्या नसाव्यात, काही वेळ जिवंत असाव्यात. फौजदाराला हे त्यांनी कळवलं होतं.

फौजदार नाशिककडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांच्या मते प्रकरण सरळ होतं. आरोपीने राग आला म्हणून कुऱ्हाड घातली असं स्वतः सांगितलं. डॉक्टर गोटा म्हणतो, तर कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने मारलं असेल.

"पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही," भैयाजी म्हणाले.

"म्हणून तर उद्या मॅजिस्ट्रेटसमोर नेतो. तेच तो पुन्हा सांगेल. त्याला मराठी येत नाही. बिचाऱ्या बुधूची कमाल आहे. डोळ्यांत पाणी होतं, पण बापाचा शब्दन् शब्द त्याने मला सांगितला. उद्याही तोच उभा राहणार आहे. गोंडी जाणणारा दुसरा शिकलेला माणूस मी कुठून आणू?"

बुधू ठाण्याच्या मागच्या खोलीत होता. उंच, सडसडीत, स्वच्छ शर्ट, मनगटाला घड्याळ. इतवारीला पाहून तो उभा राहिला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जेवलास का म्हणून विचारलं. मग भैयाजींनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

बुधूची मराठी पुस्तकी आणि शुद्ध होती. इंदुताईंना आपण वेशीपर्यंत पोचवलं आणि परत आलो, असं तो म्हणाला. बाबा रागावले होते, कारण बाईंनी सगळ्यांदेखत इतवारीचा विषय काढला.

"सभेत?" भैयाजींनी विचारलं.

"हो, सभेत."

लटारूंनी घड्याळाचं कौतुक केलं. कॉलेजात बक्षीस मिळालं, असं बुधू म्हणाला. नागपूरला कुठे राहतोस, तर एक खोली घेतली आहे, एकटाच राहतो. गुणवंतरावांच्या पैशांत भागतं का, तर कसंबसं भागतं. भैयाजींनी त्याला शेवटी सहज विचारलं, की शिष्यवृत्तीचं हे सगळं तुझ्या बाबाला कधी समजावून सांगितलंस का.

"बाबांना शिष्यवृत्ती म्हणजे काय हे अजूनही कळत नाही," बुधू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मॅजिस्ट्रेटकडे निघण्याआधी, भैयाजींनी फौजदाराकडे एकच गोष्ट मागितली. वारलूचं म्हणणं एकदा आपल्यासमोर ऐकवा, तसंच, बुधूच्या तोंडून. फौजदारांना त्यात काही वावगं वाटलं नाही. इतवारीला भैयाजींनी शेजारच्या खोलीत, उघड्या दाराआड बसवलं. ऐक, पण मी बोलावेपर्यंत बोलू नको, एवढंच सांगितलं.

वारलूला आणलं. वाळलेला, लहानखुरा माणूस. मुलाला पाहून तो हसला. फौजदारांनी काय घडलं ते विचारलं, बुधूने ते गोंडीत सांगितलं आणि वारलू बोलू लागला. तो खूप वेळ बोलला. बोलताना त्याने एकदा खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं केलं, मांडीवर थाप मारली, दोन्ही हातांची ओंजळ केली. शेवटी बुधूच्या छातीकडे बोट दाखवलं आणि थांबला.

"बाबा म्हणतात, बाई माझ्या मुलीबद्दल वाईट बोलल्या. मला राग आला. मी त्यांच्या मागे नाल्यावर गेलो आणि कुऱ्हाड घातली," बुधू म्हणाला.

लटारू गोंधळले. ओंजळीचं काय, असं त्यांना विचारायचं होतं.

"इतवारी," भैयाजींनी हाक मारली.

ती दारात आली. बुधू तिच्याकडे पाहतच राहिला.

"आत्ता बाबा काय बोलला ते सांग."

ती बापाकडे पाहत उभी राहिली. "बाबा म्हणाला, मी पानं घेऊन येऊन राह्यलो होतो. बाई पडून होती. मी कुऱ्हाड खाली ठेवली, बाईचं डोस्कं मांडीवर घेतलं. जीव होता. बाई आमच्या बोलीत 'येर' म्हणाली, पाणी मागे. मी ओंजळीनं पाजलं. मंग बाईनं बुधूचं नाव घेतलं. मले वाटलं, बुधूले बलाव म्हणते. म्हणून तशाच रक्ताच्या हातानं कुऱ्हाड उचलली आन बुधूले बलवाले पळालो." ती थांबली. "आन म्हणाला, पह्यल्या दिवशी बी हेच सांगतलं. मंग मले घरी काऊन सोडत नाई?"

फौजदार खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

"हा माणूस स्वतःला निर्दोषच सांगत होता," भैयाजी म्हणाले. "आपण कबूल केलं असं आपल्या नावावर लिहिलंय, हेच त्याला ठाऊक नाही. फौजदारसाहेब, मला पहिली शंका डॉक्टरांमुळे आली नाही, मरकेटोल्यातच आली. एकाच सभेत दोन वेगळी भाषणं झाली होती. मास्तरांनी मराठी ऐकली. सरकार कित्येक वर्षांपासून पैसे देतं, याला विचारा. मंगरूने गोंडी ऐकली. मोठ्या शिक्षणाला दाता पाहिजे, याच्यासारखे व्हा. खांद्यावर हात एकच, शब्द दोन. मधे उभा असलेला माणूस एकच."

लटारूंनी तोंडावर हात ठेवला.

"म्हणून वारलू रागावला नाही. त्याला रागावण्यासारखं काही ऐकूच आलं नव्हतं. त्याने आंबील दिली, हात जोडले. सभेत इतवारीचा विषय निघाला, हे बुधूने मला सांगितलं. मास्तरांच्या आणि मंगरूच्या सांगण्यात तो कुठेच नाही. बापाला हेतू हवा होता, तो मुलाने शोधून दिला."

"पण इंदुताईंना हे कळलं कसं?" लटारूंनी विचारलं.

"त्यांना गोंडी येत होती, थोडी. इतवारीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आपल्याला. बुधूला ते माहीत नव्हतं. सभेत त्या मधेच थांबल्या ते उन्हामुळे नाही. आपलं बोलणं कसं सांगितलं जातंय, ते त्यांनी ऐकलं. गावासमोर त्या पोराची अब्रू जाऊ नये म्हणून गप्प बसल्या. जीप परत पाठवली. वाटेत एकाशी बोलायचं आहे म्हणाल्या. नाल्यावर चपला काढल्या, छत्री टांगली, आणि आपल्या मुलाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायला बसल्या." भैयाजी बुधूकडे वळले. "सरकारची शिष्यवृत्ती तुला मिळते. हिशेबी गुणवंतरावांच्या कसंबसं भागणाऱ्या पैशांत वेगळी खोली आणि घड्याळ होत नाही. कधीपासून मिळते?"

बुधू जमिनीकडे पाहत मराठीतच बोलला.

"पहिल्या वर्षापासून. मिळाली तेव्हा मी सांगणार होतो. दिवाळीच्या सुट्टीत सांगायलाच आलो होतो. वडशाला उतरलो, गिरणीत गेलो, तर हिच्या हाताला पट्टी होती. त्याच आठवड्यात बोटं गेली होती. मग काय सांगणार? कसं सांगणार?" त्याने घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. "पुढच्या वर्षी पदवी झाली असती. इतवारी घरी आली असती. कोणाला काही कळलं नसतं. बाईंना मी तेच सांगितलं. एक वर्ष थांबा म्हटलं. त्या म्हणाल्या, एक दिवस नाही. आज तू सांग, नाहीतर मी परत फिरते आणि सांगते. त्या उठायला लागल्या. माझ्या हाताशी गोटा होता."

"आणि बाप?" फौजदारांनी विचारलं.

"त्यांनी तुमच्यासमोर सांगितलं, बाईंनी बुधूचं नाव घेतलं. ते मी तुम्हाला कसं सांगणार होतो?"

फौजदारांनी शिपायाला हाक मारली. शिपायाने बुधूचा दंड धरला तसा वारलू गडबडून उभा राहिला. त्याला काहीच कळलं नव्हतं. तो मुलाकडे पाही, मग मुलीकडे पाही. त्याने गोंडीत काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. बुधूने तोंड फिरवलं.

"काय विचारतो?" लटारूंनी हळूच विचारलं.

"बुधू काय बोलला, ते विचारून राह्यला," इतवारी म्हणाली.

भैयाजी तिला म्हणाले की तू नाही सांगितलंस तरी चालेल. कोर्टात आपण दुसरा माणूस आणू, तो सांगेल. इतवारीने नकारार्थी मान हलवली. ती बापासमोर जमिनीवर बसली, त्यालाही बसवलं, आणि सांगायला लागली. लटारूंना गोंडी येत नव्हती. पण बुधू एकेका वाक्याला डोळे मिटून घेत होता, त्यावरून त्यांना कळलं की ती सगळं सांगते आहे. शिष्यवृत्ती हा शब्द तिने मराठीतच वापरला. त्या शब्दाशी वारलूने तिला थांबवलं. मग तिने तो शब्द बापाला समजावून सांगितला, सावकाश, इंदुताईंनी सांगितला असता तसा.

तिचं सांगून झालं. वारलू रडला नाही, मुलाकडे बघितलंही नाही. त्याने मुलीचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि उरलेल्या बोटांवरून अंगठा फिरवत बसला. मग काहीतरी बोलला, आणि उत्तराची वाट पाहत तिच्याकडे बघत राहिला.

भैयाजींनी विचारलं, काय म्हणतो.

"सरकार पैसे देत होतं," ती म्हणाली, "तं मंग तुले मी काऊन पाठवलं, म्हणते."